भिंत, काळा, लाल

धाकट्याचा फोन आला तेव्हा मोठी दुकानात एका प्रिंटरच्या पोटात हात घालून अडकलेला कागद ओढत होती.

"ताई, कॉम्प्युटर उडाला," तो म्हणाला.

"उडाला म्हणजे?"

"उडाला म्हणजे धाडकन! हिने भिंतीवरचं बटण दाबलं आणि मागून जाळच निघाला. घरभर धूर. ही रडतेय. तू ये आधी."

कोणाला लागलं का, असं मोठीने विचारलं. नाही म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा घरातच होते."

त्या घरात हल्ली 'बाबा' या शब्दाने सुरू होणारं कुठलंही वाक्य साधं नसे. बाबा म्हणजे चौतीस वर्षं वीज उपकेंद्रात ऑपरेटर असलेला माणूस. तेहतीस हजार व्होल्टशी ज्याने आयुष्यभर संसार केला, त्याने या वर्षी दोनदा गॅसचं बटण उघडं ठेवलं होतं. एकदा इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन, दुसऱ्या पाळीच्या वेळेला थेट उपकेंद्राच्या फाटकात जाऊन उभे राहिले होते. तिथला पहारेकरी भला माणूस, त्याने त्यांना खुर्ची दिली आणि घरी फोन केला. गेल्या महिन्यात न्हाणीघरातला नळ रात्रभर वाहिला आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताचा पोपडा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पडला. त्यानंतर धाकटा, त्याची बायको आणि मोठी असे तिघं बसले. धाकट्याने एका वृद्धाश्रमाचा फॉर्म आणून ठेवला होता. जागा तयार होती, येत्या शनिवारपर्यंत ते धरून ठेवणार होते. "आता आणखी एक काही झालं ना," धाकटा म्हणाला होता, "तर मग चर्चा नाही. सरळ सही." त्याने बहिणीकडे पाहिलं. मोठी म्हणाली, "ठीक आहे."

ते म्हणताना तिला काही वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी आई गेली तेव्हापासून तिला फारसं कशाचंच काही वाटत नसे. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो, पण हात लावला तर परका लागतो, तसं तिचं झालं होतं. ती सकाळी दुकान उघडायची, यंत्रं उघडायची, यंत्रं बंद करायची, दुकान बंद करायची. लोक म्हणत, बाई काय खंबीर आहे! लोकांचं काय जातंय म्हणायला. न रडणाऱ्या माणसाला खंबीर म्हणून टाकलं की त्याच्याकडे पुन्हा बघावं लागत नाही.

आज गुरुवार होता. तिने पिशवीत मीटर, डाग देण्याची सोल्डरिंगची इस्त्री आणि एक नवा पॉवर सप्लाय टाकला, दुकानाला कुलूप लावलं आणि निघाली.

*

बाबा बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटाशेजारच्या खुर्चीवर ताठ बसले होते. दाढी केलेली. मांडीवर एक जाड वही आणि वहीवर दोन्ही हात.

"आलीस? जा आत," ते म्हणाले. "मी येत नाही. तपासणी चालू असताना ड्यूटीवरच्या माणसाने आत जायचं नसतं."

मोठी "हं" म्हणाली आणि आत गेली. ही बाबांची नवी तऱ्हा असेल असं तिला वाटलं. खरं तर तो उपकेंद्रातला जुना नियम होता, तिने लहानपणी शंभरदा ऐकलेला. पण बाबांनी काही म्हटलं की ते तऱ्हेच्या खात्यात टाकायची सगळ्यांना सवय लागली होती, आणि सगळ्यांत तीही आली.

आतल्या खोलीत करपलेल्या माशासारखा वास भरून राहिला होता. खिडकीखालच्या टेबलावर रंगीत दोऱ्यांची रिळं आणि कापडी बिल्ल्यांचे नमुने पसरलेले. भावजय घरात बसून भरतकामाच्या मशीनसाठी नक्षी बनवत असे: गणवेशावरचे बिल्ले, टोप्यांवरची चिन्हं, कुठला टाका कुठून सुरू होऊन कुठे संपायचा ते सगळं. एकेका बिल्ल्यात दहा-दहा हजार टाके. तीन आठवड्यांचं काम त्या कॉम्प्युटरच्या डब्यात होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं. कॉपी काढून ठेव, कॉपी काढून ठेव, असं सांगून सांगून मोठीचं तोंड दुखलं होतं.

"ताई, बोलू नका," भावजय डोळे पुसत म्हणाली. "मला माहितेय तुम्ही काय म्हणणार ते. मी काढणारच होते हो आज."

"आजच काढणार असतात सगळे," मोठी म्हणाली. "नीट सांग. काय केलंस आणि काय झालं?"

"काही केलं नाही! रोजच्यासारखी दहाला बसले. भिंतीवरचं बटण दाबलं. कॉम्प्युटरचं बटण तर दाबलंसुद्धा नव्हतं. त्याआधीच फाट्! मी चप्पल टाकून पळाले."

"बरं. मला जरा एकटीला बघू दे."

भावजय बाहेर गेली. मोठीने दार लोटलं.

तिने आधी बोर्डाकडे पाहिलं. त्याच बोर्डावर टेबलाचा दिवा होता आणि इंटरनेटची छोटी डबी होती. दिवा लागला. डबीवरचे हिरवे ठिपके सुखाने लुकलुकत होते. बाहेर फ्रीज घुरघुरत होता. म्हणजे बाहेरून मोठा झटका आला असेल, तर तो फार शिस्तीचा झटका म्हणायचा. रांगेतल्या सगळ्यांना सोडून एकालाच गाठून गेला.

मग तिने कॅबिनेट फिरवून पाठ उजेडात आणली. बहुतेक लोक कॉम्प्युटर बिघडला की पुढून बघत बसतात, आणि बरेच दुरुस्तीवालेसुद्धा. मोठी नेहमी पाठ बघायची. पॉवर सप्लायच्या, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पाठीवर दोन स्विच होते. एक काळा, बंद-चालूचा. त्याच्या बाजूला खाचेत बसलेला एक लाल, छोटा, सरकवायचा. घरात येणारी वीज दोनशे तीसची की एकशे पंधराची ते त्या लाल स्विचने यंत्राला सांगायचं असतं. घेतल्या दिवशी एकदा बघायचं आणि मग जन्मात हात लावायचा नाही, अशातली ती वस्तू. इथली वीज दोनशे तीस. लाल स्विचच्या खाचेत आकडा दिसत होता एकशे पंधरा.

बस. निदान झालं. अजून एक स्क्रूही काढला नव्हता.

यंत्राला सांगितलं होतं की वीज निम्मी येणार आहे, दुप्पट करून घे. आली पूर्ण, आणि त्याने इमानाने तिची दुप्पट केली. दोष यंत्राचा काडीमात्र नव्हता. आणि तो स्विच असा आपोआप सरकत नाही, धक्का लागून तर नाहीच. त्याला टोकदार काहीतरी खुपसावं लागतं. मोठीने मोबाइलचा दिवा जवळ नेला. लाल प्लास्टिकच्या खोबणीत निळ्या शाईचा एक ठिपका होता. या घरात शाईचं पेन एकच माणूस वापरायचा.

तिने पिशवीतून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्विच परत दोनशे तीसवर सरकवला. अंगठ्याला थुंकी लावून शाईचा ठिपका पुसून टाकला. हे सगळं करायला चहा ढवळायला लागतो तेवढाच वेळ लागला. कुणा दुसऱ्याच बाईचे हात बघावेत तशी ती आपल्या हातांकडे बघत होती.

नंतर तिने रीतसर सप्लाय उघडला. आत साठलेली वीज उतरली आहे का ते मीटरने पाहिलं. वीज साठवणारे दोन मोठे कपॅसिटर डोक्यावर फाटून त्यांच्यातला कापसासारखा लगदा बाहेर आला होता. फ्यूजची काच आतून काळीठिक्कर. तो डबा उचलून ती बाहेर आली आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला.

"लाइनमधून झटका आला," ती म्हणाली. "बाहेरून. कोणाचा काही संबंध नाही."

धाकट्याने अर्धा दिवस रजा टाकली होती. तो भिंतीला टेकून उभा होता, तो एकदम खालीच बसला. "नक्की ना?"

"हे माझं रोजचं काम आहे."

त्याचा जीव भांड्यात पडला. हे सांगायलाच हवं, कारण कथेत एक बाप आणि एक फॉर्म आला की मुलगा वाईटच असणार असं वाचणारा धरून चालतो. धाकटा वाईट नव्हता. तो वर्षभर रात्री दोनदोनदा उठून गॅस बघत होता, त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि तरीही आज तो मनातल्या मनात हात जोडून बसला होता, की बाबांचं काही नसू दे. "शनिवारच्या जागेचं मी नाही म्हणून कळवतो," तो बायकोला म्हणाला, आणि तीही हसली. फाटलेल्या कपॅसिटरांभोवती बसून सगळ्यांनी चहा घेतला. बाबांनी खुर्चीवरच घेतला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग मोठीकडे पाहिलं.

आपण हे बाबांसाठी केलं, अशी मोठीची समजूत होती. ती चहा संपेपर्यंत टिकली.

*

खरी मारामारी पुढेच होती. नवा सप्लाय जोडला तर मदरबोर्डवरचा दिवा लागला, पंखा फिरला. भावजयीने टाळीच वाजवली. पण हार्ड डिस्क जोडली की सगळं गप्प. काढली की चालू, जोडली की गप्प. मोठीने भावजयीला पुन्हा बाहेर घालवलं आणि डिस्कच्या खालची हिरवी पट्टी उघडी केली. अशा पट्टीवर तांदळाएवढा एक डायोड असतो. जास्तीची वीज आली की तो स्वतः मरून वाट बंद करतो, म्हणजे मागचे वाचतात. मीटरने शून्य दाखवलं. तो मेला होता. आता तो उपटून काढला, की डिस्क बहुतेक उठणार होती.

इस्त्री तापत ठेवून ती वाट बघत होती, तेवढ्यात दारात बाबा आले.

"तपासणी संपली म्हणे."

"हो बाबा. या ना."

ते आत येऊन स्टुलावर बसले. वही काखेत. "झटका बाहेरून आला?"

"हो."

"किती वाजता?"

"दहा. दहा-पाच."

"दिवा याच बोर्डावर आहे. तो कसा वाचला?"

प्रश्न बरोबर होता. ऑपरेटरचा प्रश्न होता. मोठी म्हणाली, "झटका जिथे कमजोर असेल तिथे शिरतो, बाबा. सप्लाय जुना होता."

"आणि ही डबी?"

"तिला वेगळा अडॅप्टर आहे."

"मी तेव्हा बाहेरच्या खोलीत होतो. पंखा चालू होता. झटका आला असता तर पंख्याचा आवाज बदलला असता. बदलला नाही." बाबा सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलत होते. "मी चौतीस वर्षं आवाज ऐकलेत."

आणि मोठी म्हणाली, "तुम्हाला आठवत नसेल, बाबा."

हे वाक्य त्या घरात दिवसातून चारदा कोणी ना कोणी म्हणायचंच. चष्म्यावरून, गोळ्यांवरून, दूधवाल्यावरून. तिनेही सवयीने म्हटलं. बाबांनी वही उघडून तिच्यापुढे धरली.

निवृत्त झाले तरी बाबांची लॉगबुकची सवय सुटली नव्हती. घरात जे जे चालू-बंद करतील ते वेळ घालून लिहायचे आणि खाली सही करायचे. धाकटा त्यावरून त्यांची चेष्टा करायचा. आजच्या पानावर निळ्या शाईत, सरळ रेषेत लिहिलं होतं:

'८.४०. संगणक पूर्ण वेगळा केला. भिंत बंद, काळा बंद, लाल खाली. टेबल व मागील बाजू पुसली. ८.५५. काळा चालू.'

आणि त्याखाली:

'१०.०५. सूनबाईंनी भिंत चालू केली. स्फोट. लाल परत केल्याची नोंद नाही. चूक ऑपरेटरची.' सही.

"कुठलंही यंत्र पुसायचं तर आधी सगळ्या बाजूंनी तोडायचं," बाबा म्हणाले. "दोन ठिकाणी तोडलं तरी तिसरं आहे का बघायचं. ते बघितलं. तो लाल कशाचा आहे हे मात्र सकाळी डोक्यात आलं नाही. धूर निघाला तेव्हा आलं. मग वही पाहिली. मी सकाळपासून तुझी वाट बघत होतो, की तू विचारशील."

मोठीच्या हातात इस्त्री होती. टोकावरून धुराची बारीक रेघ वर जात होती.

"लाल स्विच बरोबर जागी होता," ती म्हणाली. "मी पाहिला."

"दोनशे तीसवर?"

"दोनशे तीसवर."

बाबांनी वही स्वतःकडे वळवली आणि ते पान पुन्हा वाचलं. एकदा. दोनदा. बोट ओळीवरून फिरत होतं. "म्हणजे मी परत केला आणि लिहिलं नाही," ते म्हणाले. "किंवा खाली केलाच नव्हता, आणि केला म्हणून लिहिलं."

"असेल. होतं असं, बाबा."

"नाही, होत नाही." आवाज चढला नव्हता. "बाकी सगळं विसरतो हे मला कळतंय, मोठे. चष्मा विसरतो, नळ विसरतो. परवा तुझ्या आईला हाक मारली. पण लिहिलेलं बरोबर असतं, यावर मी उभा होतो. सकाळी उठलं की कालचं पान वाचायचं, की झालं, काल आपण होतो. ज्याच्या लॉगवर भरवसा नाही त्याला ड्यूटीवर बसवत नाहीत. मीच दोघांना काढलं होतं तसं."

त्यांनी वही मिटली, टेबलावर दोऱ्यांच्या रिळांशेजारी ठेवली आणि गेले. जाताना दिवा बंद केला नाही. खोलीतून बाहेर पडताना बाबांनी दिवा बंद केला नाही, असं मोठीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

तिने डायोडला इस्त्री लावली. तो सुटला. डिस्क जोडली. आतून हलकी घरघर सुरू झाली, वाढत वाढत एकसारखी झाली. पडद्यावर बिल्ल्यांची नावं एकाखाली एक उमटली. सगळी होती. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "तो फॉर्म आण रे. ते तुम्ही शनिवारचं म्हणत होता ना, मी ऐकलंय, तो."

"अहो बाबा, आता कशाला?" धाकटा म्हणत होता. "तुमचं काही नाही. ताई म्हणाली ना, झटका बाहेरून आला."

"म्हणूनच. आण. आणि पेन दे, माझं दे."

मोठी पडद्याकडे बघत बसली. आता गप्प राहायचं आणि सगळं आपल्या हिताचंच होऊ द्यायचं, एवढंच काम होतं. दुसरं कोणी असतं तर ढसाढसा रडलं असतं. तिला तहान लागली होती. तेवढंच जाणवत होतं. पण ती बाहेरची शांतता तिला ओळखीची वाटली. आईच्या खाटेभोवती शेवटच्या दिवशी अशीच होती, आणि तेव्हा सगळे आईला सांगत होते, तुम्हाला काही झालेलं नाही.

ती उठली. वही उचलली. बाहेर बाबा टेबलाशी बसून फॉर्ममधली वरची ओळ भरत होते.

"बाबा," ती म्हणाली, "लाल खाली होता."

कोणाला काही कळलं नाही. बाबांचं पेन थांबलं.

"एकशे पंधरावर होता. मी वर केला. खोबणीत तुमच्या पेनाची शाई होती, ती पुसली. झटकाबिटका काही आला नव्हता. पंख्याचा आवाज बदलला नाही, कारण बदलण्यासारखं काही झालंच नाही. तुम्ही लिहिलंय तसंच झालंय. शब्द न् शब्द."

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणायलाच हवं, दुसरा शब्द नाही. एका सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आपल्या सुनेचं तीन आठवड्यांचं काम जवळजवळ जाळलं होतं, आणि ते ऐकून त्याचे डोळे चमकले. "म्हणजे माझी नोंद बरोबर होती," ते म्हणाले.

"बरोबर होती."

"बघ!" त्यांनी टेबलावर थाप मारली आणि धाकट्याकडे पाहिलं. "बघ. तू हसतोस!"

भावजय दाराची चौकट धरून उभी होती. "तुझं काम सगळं आहे गं," मोठी म्हणाली. भावजयीने मान हलवली, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. धाकटा बहिणीकडे बघत होता.

"तू खोटं बोललीस," तो म्हणाला.

"हो."

"मला तोंडावर सांगितलंस, माझं रोजचं काम आहे म्हणून. मी परत दाबलं असतं ते बटण तर? ही बसली असती तिथे."

"नव्या सप्लायला लाल स्विच नाही. वीज किती येते ते तो आपला आपण ओळखतो."

"ते नाही विचारत मी! का बोललीस?"

मोठीने खरं सांगून टाकलं. सुरुवात केलीच होती. "बाबा इथे राहिले तर मला कोणी विचारणार नाही म्हणून."

तिच्या दुकानामागे एक खोली होती. खिडकी होती, नळ होता, दार रस्त्यावर उघडायचं. तिथे जुने मॉनिटर छतापर्यंत रचून ठेवले होते. भंगारवाल्याला एक फोन केला असता तर एका दुपारीत खोली रिकामी झाली असती. ती दिवसभर दुकानातच असायची, हाकेच्या अंतरावर. हे तिला ठाऊक होतं, धाकट्याला ठाऊक होतं, आणि गेल्या महिन्यात फॉर्मभोवती बसले होते तेव्हा तिघांनाही ठाऊक होतं. कोणी बोललं नव्हतं. धाकटा बोलला नाही, कारण बहीण खंबीर होती आणि तिने आईचं सगळं केलं होतं, एकटीने, सात महिने. मोठी बोलली नाही, कारण ते सगळं पुन्हा, पहिल्यापासून, करायला आपल्यात कोणी उरलेलं आहे असं तिला वाटत नव्हतं.

आता बोलायचं होतं तर हीच वेळ होती. धाकटा थांबला होता. भावजय थांबली होती. 'माझ्याकडे चला, बाबा.' तीन शब्द. मोठी आपल्या तोंडातून ते यायची वाट बघत राहिली.

"हिच्याकडे जागा कुठली?" बाबाच म्हणाले. मान खाली घालून ते पुन्हा फॉर्म भरायला लागले होते, आणि अक्षर आता आणखी टपोरं येत होतं. "एवढंसं दुकान. सगळीकडे उघड्या वायरी. मी तिथे काहीतरी करून बसायचो. आणि हे बघ, चूक झाली ती झाली. ठरलं होतं ना, आणखी एक काही झालं तर? झालं. नोंद आहे." त्यांनी तारीख घातली, वेळ घातली आणि सही केली. "शनिवार म्हणजे परवा की रे?"

"परवा, बाबा," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज फाटला आणि तो तोंड फिरवून खिडकीपाशी गेला.

मोठीला वाटलं, आता येईल. रडू नाही तर शब्द, काहीतरी येईल. आलं नाही. ती आत गेली, कॅबिनेटचे चार स्क्रू बसवले, हत्यारं मोजून पिशवीत भरली. भावजयीला कॉपी कशी काढायची ते दाखवलं आणि समोर बसवून काढून घेतली. दीड तास गेला असेल.

निघताना बाबा त्यांच्या खोलीत कपाट उघडून उभे होते. पलंगावर शर्टांच्या घड्या एकावर एक रचलेल्या. शीळ घालत होते. तिला पाहून थांबले.

"मोठे, तुझ्याकडे एखादी बॅग आहे का गं? यांच्याकडे सगळ्या मोठ्या आहेत. मला लहानशी चालेल."

"आहे," मोठी म्हणाली. "उद्या आणून देते."